टोपलीतली दुसरी जागा

ट्रॉय, मिशिगन
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय वीणा,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न उघडता ड्रॉवरमध्ये टाकशील, हे मला ठाऊक आहे. लहानपणी भांडण झालं की मी लिहिलेल्या चिठ्ठ्या तू अशाच फेकून द्यायचीस आणि दोन दिवसांनी गुपचूप शोधून वाचायचीस. तेव्हा दोन दिवस मी धरूनच चालते.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसेना म्हणून निमिषला विचारलं, तर पोटचा पोर हसत म्हणाला, "आई, मावशी ब्लॉक्ड यू." एकोणसत्तराव्या वर्षी माझ्या वाट्याला हाही मान आला. पोस्टमनला अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद.

बातमी अशी की मी रंगूनच्या पुढे बगानला चालले आहे. बगान म्हणजे आपल्या आबांचं पगान. मोरीजवळच्या भिंतीवरचं ते कॅलेंडर आठवतं ना? दीक्षेनंतरच्या वर्षी रंगूनहून आलेल्या एका भंतेजींनी आबांना दिलेलं. वर्ष सरलं तरी आबांनी ते काढलं नाही. तारखा फाडून टाकल्या आणि चित्र ठेवलं. नदी, धुकं, आणि नजर जाईल तिथवर विटांची देवळं. गिरणीतून आले, हातपाय धुतले, की टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्यासमोर उभे राहायचे. "इतकी विहारं एका जागी! वरून पाहिली तर कशी दिसत असतील?" जो माणूस इटारसीच्या पलीकडे कधी गेला नाही त्याला वरून पाहायचं होतं. मी बारा वर्षांची, तू सात. "तुमच्यातल्या कुणीतरी जा आणि मला येऊन सांगा," म्हणाले, तर तू म्हणालीस, "कुणीतरी नाही, दोघी जाऊ."

तर आता तिथे बलूनमध्ये बसून वरून पाहता येतं. खाली वेताची टोपली, वर गरम हवेचा फुगा. मी फॉर्म भरलासुद्धा. त्यात वजन विचारतात. माझं वजन मी डॉक्टरांपुढेही चप्पल काढल्याशिवाय सांगत नाही, तुला माहीत आहे. पण म्हटलं, हवेतला मामला आहे, इथे लपवाछपवी नको. खरं ते लिहिलं: एकशे अठ्ठेचाळीस. दोन दिवसांत त्यांची मेल आली, तुमच्या सोयीसाठी टोपलीत दोन जागा राखून ठेवत आहोत. म्हाताऱ्या माणसांचं किती करतात बघ.

आता तू म्हणशील, ही बया अकरा वर्षांनी बलूनच्या गप्पा मारते आहे आणि त्या गणपतीबद्दल चकार शब्द नाही. बरं बाई, काढते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वैदेहीने मला विचारलं, "या कोण?" आणि मी म्हणाले, "माझी नागपूरची मैत्रीण." हो, म्हणाले. सख्ख्या बहिणीला मैत्रीण म्हणाले. हातात वरणाचं पातेलं होतं, मागे रांग खोळंबली होती. घाईत माणसाच्या तोंडून काहीही निघतं. तू तेव्हा जेवण पुरं केलंस, पण त्या दिवसापासून मला ताई म्हणणं सोडलंस. "कांचन" म्हणू लागलीस. एका शब्दाला एवढी शिक्षा?

असो. एक काम आहे. ते चित्र तुझ्याकडे आहे. त्यात डाव्या हाताला एक शेंडा तुटलेलं मोठं देऊळ होतं, एवढं मला आठवतं. त्याच्यापुढे काय होतं ते आठवत नाही. तेवढं कळव. मी वरून शोधणार आहे.

तुझी,
कांचनताई


ट्रॉय
२ जानेवारी २०१९

प्रिय वीणा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट परवा मिळालं. आत चित्राची झेरॉक्स निघाली, आणि दुसरं काहीच नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. दोन दिवस धरले होते, तुला सात आठवडे लागले. चालायचंच, वयाने आपण दोघीही मंदावलो.

चित्र डायनिंग टेबलावर ठेवलं आहे. तुटक्या शेंड्याच्या देवळापुढे एक बैलगाडी आहे आणि गाडीवानाच्या मागे दोन बायका बसल्या आहेत. हे मी साफ विसरले होते. तू विसरली नसशील.

मागच्या पत्रात मी सगळं वरणाच्या पातेल्यावर ढकललं. पातेलं होतं. रांग नव्हती. वैदेहीने विचारलं तेव्हा माझ्याजवळ विचार करायला भरपूर वेळ होता आणि मी विचार करूनच म्हणाले.

तुला हे सगळं कळतं, तरी मला एकदा स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. १९७८ साली आम्ही इथे आलो. उल्हास मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मंडळात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "पाटील म्हणजे कुठले पाटील?" उल्हास म्हणाला, "नागपूरकडचे." त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. आम्ही खोटं बोललो नाही, फक्त त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. पहिल्या दिवशी केली नाही की दुसऱ्या दिवशी ते जड जातं, आणि वीस-तीस वर्षांनी तर तोंडच उघडत नाही. मी उकडीचे मोदक शिकले. आता मंडळात माझ्या मोदकांचं नाव आहे. घरात उल्हास रोज आंघोळीनंतर त्रिशरण म्हणायचा. तेवढा वेळ मी गॅसवरचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचे, का तर मंडळातलं कुणी दाराशी आलं तर ऐकू जाऊ नये. फॅनच्या आवाजात त्याचं चालू असायचं.

आणि त्या गणपतीला तू आलीस. कोटावर निळी पिन. दारातच कुणाला तरी खणखणीत "जय भीम" घातलास. बहीण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमचं आडनाव?" तू रामटेके म्हणाली असतीस, मान वर करून, आणि आमचे पाटील कुठले ते सगळ्या हॉलला कळलं असतं. म्हणून मैत्रीण. मला तुझी लाज वाटली, वीणा. हा शब्द लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

सतराला निघते. औषधं, लोकरीचे मोजे आणि हे चित्र, एवढं आधी बॅगेत टाकलं आहे. मोज्यांचा उपयोग नाही म्हणे, तिथे देवळात अनवाणीच जातात.

तुझी,
कांचनताई


बगान
२२ जानेवारी २०१९, सकाळचे नऊ

प्रिय वीणा,

आत्ताच खाली उतरले. आधी माझी फजिती ऐक.

पहाटे एका जुन्या लाकडी बसमधून आम्हाला माळावर नेलं. माझी गाइडही सोडायला आली होती. दॉ न्वे तिचं नाव. दॉ म्हणजे आपल्याकडे बाई लावतात तसं. बावन्न वर्षांची, गालांवर चंदनासारखा थनाखाचा लेप, आणि चालायला अशी चपळ की तीन दिवस मी तिच्यामागे "अगं थांब ना जरा" करत होते. पायलट इंग्लंडचा, लालबुंद चेहऱ्याचा. कागद पाहून एकेकाचं नाव घेत होता. "मिसेस पाटील?" मी पुढे झाले. तो माझ्याकडे बघेना, माझ्या मागे बघायला लागला. मीही वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्याने कागद माझ्यापुढे धरला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

अगं, रकाना किलोचा होता! चाळीस वर्षं अमेरिकेत वजन पौंडात मोजायची सवय; मी एकशे अठ्ठेचाळीस पौंड सरळ किलोच्या घरात टाकून मोकळी. दोन जागा माझ्या म्हातारपणासाठी नव्हत्या, दोन माणसांएवढी एक बाई येणार म्हणून होत्या. ते जर्मन नवरा-बायको, पायलट, दोर धरणारी माणसं, सगळे पोट धरून हसले. मी तर सगळ्यांत जास्त. आबा असते तर गिरणीत महिनाभर सांगत फिरले असते.

पायलट म्हणाला, टोपलीचा तोल बिघडेल, तुमच्या शेजारी वाळूची पोती ठेवतो. मला ते काही पटेना. आबांच्या पगानला मी इतक्या लांबून यायचं आणि शेजारी पोतं? मी दॉ न्वेला विचारलं, "तू कधी वर गेली आहेस?" ती म्हणाली, "नो, मॅडम. ट्वेंटी इयर्स आय सेंड पीपल अप." वीस वर्षं ती लोकांना सोडायला येते आणि खालून हात हलवते. मी पायलटला म्हटलं, हिला घ्या. त्याने तिला काट्यावर उभं केलं, जमतंय म्हणाला, आणि यादीत लिहिता लिहिता मला विचारलं, "हू इज शी टू यू?"

आणि मी म्हणाले, "माय सिस्टर."

पटकन. त्याने विचारलं आणि मी सांगितलं, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. त्याला तर फक्त यादी पुरी करायची होती. गाइड म्हटलं असतं तरी चाललं असतं. तीन दिवसांच्या ओळखीची बाई, तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आणि मी तिला बहीण करून टाकलं. दॉ न्वे हसली आणि माझा हात धरून टोपलीत चढली. मी मात्र तिथेच गार पडले. म्हटलं, कांचन, हा शब्द तुझ्या तोंडात एवढा तयार होता तर त्या दिवशी कुठे गेला होता?

मग आम्ही वर गेलो. कधी गेलो ते कळलंच नाही. धक्का नाही, हिसका नाही, फक्त दोर धरलेली माणसं लहान झाली. मधूनच डोक्यावर ज्वाळेचा मोठा आवाज, की पुन्हा शांतता. इतकी की खालच्या वस्तीतला कोंबडा ऐकू येत होता. सूर्य वर आला आणि धुक्यातून एकेक शिखर बाहेर पडायला लागलं. दहा, मग पन्नास, मग मी मोजायचं सोडलं. लाल विटांची, काळी पडलेली, काही सोन्याने मढवलेली, काही एवढी लहान की आपल्या स्वयंपाकघरात मावतील. त्यांच्या मधून शेतं, शेळ्यांचे कळप, चुलींचा धूर. नऊशे वर्षांपूर्वीचं सगळं, आणि लोक त्यातच राहतात, कपडे वाळत घालतात.

तुझी झेरॉक्स काढली. पायलटने वाऱ्यावर टोपली सावकाश वळवली आणि ते दिसलं, वीणा. शेंडा तुटलेलं देऊळ, पायऱ्यापायऱ्यांचं, प्रचंड. मागे नदी. अगदी चित्रातल्यासारखं. बैलगाडी तेवढी नव्हती, त्या वाटेवर एक स्कूटर चालली होती. मी मोठ्याने म्हणाले, "आबा, असं दिसतं बघा." मराठीत. जर्मन बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

शेजारी दॉ न्वे रडत होती. तिला तिचं घर दिसलं होतं. पत्र्याचं छप्पर, अंगणात तिची आई चूल पेटवत होती. "माय मदर, माय मदर," म्हणून ती एवढी ओरडली, पण म्हातारीने काही वर पाहिलं नाही. मग तिने हात जोडले आणि पुटपुटू लागली. दोन शब्द ऐकले आणि माझ्या लक्षात आलं. तिचे उच्चार वेगळे, 'स'चा काहीतरी भलताच होतो, पण ते तेच होतं. बुद्धं सरणं गच्छामि. मी सुरू केलं. चार माणसांसमोर, मोकळ्या आवाजात, किती वर्षांनी ते मला आठवतही नाही. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघी एका चालीत. वर एक्झॉस्ट फॅनपेक्षा मोठ्या आवाजाची ज्वाळा होती, तरी ऐकू येत होतं.

उतरताना गुडघे पोटाशी घेऊन बसायचं असतं. टोपली दोनदा आपटली आणि आम्ही एकमेकींच्या अंगावर. उतरल्यावर शॅम्पेन देतात. मी चहा मागितला आणि त्यात क्रॉसाँ बुडवून खाल्ला. पायलटने तोंड फिरवलं.

मी फार खूश आहे गं. खरंच सांगते, उल्हास गेल्यापासून इतकी कधी नव्हते. पण ती जागा दॉ न्वेची नव्हती. तिला मिळाली याचा मला आनंद आहे, तिची नव्हती तरी.

तुझी,
कांचनताई


ट्रॉय
३ मार्च २०१९

प्रिय वीणा,

सप्रेम नमस्कार.

बगानचं पत्र तुला मिळालं का? तिथल्या पोस्टातल्या बाईने तिकिटं इतकी चिकटवली होती की पत्त्याला जागा उरली नव्हती.

आता उरलेलं एकच. ते मी तिन्ही पत्रांत टाळलं.

उल्हासच्या वेळी तू न्यू जर्सीहून नऊ-दहा तास गाडी चालवत आलीस. फ्युनरल होममध्ये पहिल्या रांगेत मी, निमिष, आणि मंडळाचे अध्यक्ष नरेंद्र आणि त्यांची वैदेही. तू चौथ्या रांगेत जाऊन बसलीस. मैत्रिणी बसल्या होत्या तिथे. मी तुला पाहिलं. हाताने नुसती खूण केली असती तर तू पुढे आली असतीस. नाही केली. मंडळाने गुरुजी बोलावले होते, तेही मी चालवून घेतलं. ते मंत्र म्हणत होते आणि तुझे ओठ वेगळेच हलत होते. उल्हासचं स्वतःचं असं त्या खोलीत फक्त तूच म्हणत होतीस, तेही मनातल्या मनात. निघताना म्हणालीस, "येते, कांचन. काळजी घे." त्यानंतर तीन वर्षं काही नाही. मी तुझ्या जागी असते तर एवढंही म्हणाले नसते.

चुकलं माझं. पातेलं नाही, रांग नाही, उल्हास नाही. माझं.

नरेंद्रने पाडव्याच्या कार्यक्रमात बगानचे फोटो दाखवायला सांगितलं आहे. शनिवार, १३ एप्रिल, दुपारी तीन, हायस्कूलचा हॉल. मी हो म्हटलं. आबांचं चित्रही दाखवणार आहे, आणि ते चित्र आमच्या घरात का होतं हेही सांगणार आहे. आणि तू कोण ते.

भीती वाटते, कबूल करते. माझं सगळं गणगोत म्हणजे ही मंडळी. बर्फ पडलं की वैदेहीच मला डॉक्टरकडे नेते. निमिष तिकडे लांब अर्विंगला, त्याला त्याचा संसार. या वयात मी नवी माणसं कुठून आणू? पण चाळीस वर्षं त्यांनी ज्या बाईला जीव लावला ती मी पुरती नव्हतेच, तर गेलं तरी काय जाणार, असंही मनात येतं. सकाळी हे पटतं, संध्याकाळी पटत नाही.

पहिल्या रांगेत एक खुर्ची मी राखून ठेवणार आहे. ये किंवा नको येऊ, खुर्ची राहील.

आणखी एक. ऑक्टोबरात बलून पुन्हा सुरू होतात. मी दोन जागा मागणार आहे, यावेळी शुद्धीत राहून. तुझं वजन कळव.

तुझी,
कांचनताई


ट्रॉय
१४ एप्रिल २०१९

प्रिय वीणा,

सप्रेम जय भीम.

आबा प्रत्येक पत्राच्या माथ्यावर असंच लिहायचे. आज सकाळी एक्झॉस्ट बंद ठेवून मोठ्याने त्रिशरण म्हटलं. खिडकीसुद्धा उघडली. बाहेर पलीकडचा म्हातारा कुत्रा फिरवत होता, त्याने "मॉर्निंग" केलं आणि गेला. एवढंच होतं ते.

काल तू आली नाहीस. तीन वाजेपर्यंत मी दाराकडे पाहत होते. खुर्चीवर माझी शाल ठेवली होती.

दीडशे माणसं असतील. फोटो सगळ्यांना आवडले, वजनाच्या गोष्टीला तर हॉल डोक्यावर घेतला. शेवटी आबांचं चित्र लावलं. म्हटलं, "हे माझ्या वडिलांचं. ते नागपूरला गिरणीत माग चालवायचे. १९५६ साली त्यांनी दीक्षाभूमीवर धम्म घेतला. आमचे पाटील कुठले, हे कुणीतरी पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्याचं उत्तर आज देते. आणि ही पहिल्या रांगेतली खुर्ची माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची, वीणा रामटेकेची. २००७ साली ती गणपतीला आली होती. तिची ओळख मी मैत्रीण म्हणून करून दिली होती. ती माझी बहीण आहे."

कागदावर एवढंच होतं. तेवढंही वाचताना दोनदा पाणी प्यावं लागलं.

टाळ्या नाहीत, काही नाही. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत होता. मग नरेंद्र उठले आणि म्हणाले, "तर मंडळी, आता अल्पोपहार." मला हसूच आलं. चहाच्या टेबलाशी दोघीतिघींनी हात हातात घेतले. दोघं-तिघं नजर चुकवून निघून गेले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच." आवाज मी ओळखला, नाव लिहीत नाही. ऐकलं, गिळलं आणि बटाटेवडा घेतला.

वैदेही माझ्याशी बोलेना. शेवटी पार्किंगमध्ये आली, डोळे भरलेले. "कांचनताई, चाळीस वर्षं! मला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला? मी तशी वाटले तुम्हाला?" म्हटलं, "तू कशी ते मी कधी विचारून पाहिलंच नाही." ती तशीच गाडीत बसली. मला वाटलं, गेली ही. मग काच खाली केली. "गुरुवारी डॉक्टर आहेत ना तुमचे? नऊला तयार राहा. मी अजून रागावलेली आहे." मी म्हटलं, रागाव, पण नऊला ये.

आणि ऐक. हॉल रिकामा होत आला तेव्हा एक मुलगी हातात कागदी प्लेट घेऊन माझ्याकडे आली. रुचा. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून नोकरीवर आली आहे, मंडळात भजी तळायला पुढे असते. आजूबाजूला कुणी नाही पाहून एवढ्याशा आवाजात म्हणाली, "मावशी, जय भीम." म्हटलं, "काहून इतकं हळू?" तर म्हणाली, "सवय झाली ना, मावशी." तीस वर्षांची पोर, आणि दोन वर्षांत सवय झाली. मी खणखणीत म्हणाले, "जय भीम!" अगदी तुझ्यासारखं. खुर्च्या आवरणारे दोघं वळून पाहायला लागले. तिने विचारलं, "या खुर्चीवर बसू का?" म्हटलं, बस, पण ही माझ्या बहिणीची आहे, ती आली की उठायचं.

आम्ही दोघी वडे संपेपर्यंत तिथे बसलो. बरं वाटलं.

तू आली नाहीस म्हणून रागावलेले नाही. मला अकरा वर्षं लागली, तुलाही लागोत. खुर्चीवरची शाल घरी आणली आहे.

तुझी,
ताई


पिस्कॅटवे, न्यू जर्सी
२० एप्रिल २०१९

ताई,

माझं वजन बासष्ट. किलो. फॉर्म यावेळी मी भरते, तू हात लावू नकोस.

जय भीम.

वीणा